कोड कॉपी केला, दिसतो तसाच, पण चालत नाही

प्रश्न असा आला आहे: “सरांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पायथनचा प्रोग्राम पाठवला. तो कॉपी करून चालवला तर पहिल्याच प्रिंटच्या ओळीला एरर येते. दिसायला शब्दन् शब्द तोच आहे. उलट मी माझा कोड कुणाला मदतीसाठी पाठवला की समोरचा म्हणतो, इंडेंट गेलंय, खुणा गायब आहेत, काही कळत नाही. हे कशामुळे होतं आणि त्यावर उपाय काय?”

सरांनी कोड चुकीचा लिहिलेला नाही आणि तुम्ही कॉपीही बरोबरच केला आहे. बदल वाटेत झाला. वर्ड, फोनचा कीबोर्ड, चॅटचं ॲप, मेल, पीडीएफ ही सगळी साधनं माणसांनी वाचायच्या मजकुरासाठी बनवलेली आहेत. प्रत्येक ठिकाणी जणू एक उत्साही मुद्रितशोधक बसलेला असतो. तो अवतरणचिन्हं वळवतो, हायफन लांब करतो, जादाच्या स्पेस काढतो, वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतो. पत्रात ही सेवा चांगलीच आहे, पण कोडमध्ये तीच घातक ठरते. म्हणून कोड पाठवताना आपलं मुख्य काम एवढंच: “याला हात लावू नका” हे प्रत्येक टप्प्याला सांगणं, आणि जिथे सांगता येत नाही तो टप्पा टाळणं.

आधी तुमची पहिली एरर. इंटरप्रिटर, म्हणजे कोड वाचून चालवणारा प्रोग्राम, अक्षराचा आकार बघत नाही, त्याचा क्रमांक बघतो. कीबोर्डवरच्या सरळ डबल कोटचा क्रमांक ३४ आहे. वर्डने वळवलेल्या उघडणाऱ्या कोटचा ८२२० आणि मिटणाऱ्या कोटचा ८२२१. आपल्या डोळ्यांना तिन्ही एकच वाटतात. पायथनला फक्त ३४ हा स्ट्रिंगचा कोट म्हणून माहीत आहे. बाकीचे दोन आले की तो ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ म्हणतो आणि कंसात यू+२०१सी असा संकेत देतो. २०१सी म्हणजे सोळाच्या पद्धतीत लिहिलेले ८२२०. एररमध्ये २०१सी, २०१डी, २०१८, २०१९ यांपैकी काहीही दिसलं की वळलेले कोट आले आहेत हे नक्की समजा. यूट्यूबवर शोधत बसू नका, फाइंड-रिप्लेसने सरळ करून टाका.

हे कोट येतात कुठून? नोट्स बहुधा वर्डमध्ये लिहिलेल्या असतात आणि तिथे टाइप करता करता कोट वळवण्याची सोय मुळातच चालू असते. आयफोनवर २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून ‘स्मार्ट पंक्चुएशन’ आहे; ती दोन हायफन जोडून एक लांब डॅश करते आणि तीन टिंबांचं एकच चिन्ह बनवते. सेटिंग्जमध्ये जनरल, तिथे कीबोर्ड, तिथे हे बटण बंद करता येतं. वर्डमध्ये ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स आणि त्यातलं ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ हे पान. गूगल डॉक्समध्ये टूल्सखाली प्रेफरन्सेस. पण खरं सांगायचं तर सेटिंग बदलण्यापेक्षा कोड वर्डमध्ये लिहायचाच नाही हे सोपं. प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी कोड वर्डमध्ये चिकटवावा लागतो हे मला माहीत आहे. तो छापण्यासाठी असू द्या. तिथून परत उचलून कुणाला पाठवू नका.

पायथन निदान ओरडतो. टर्मिनलची शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, तेवढीही दया करत नाही. बॅश या नेहमीच्या शेलच्या लेखी वळलेला कोट म्हणजे एक साधं अक्षर. समजा फाइलचं नाव दोन शब्दांचं आहे आणि कमांडमध्ये ते वळलेल्या कोटांत आलं, तर शेल त्याचे दोन तुकडे करते आणि दोन वेगळ्या फाइली शोधायला लागते. पहिल्याच्या सुरुवातीला कोट चिकटलेला, दुसऱ्याच्या शेवटी. फाइल पुसणाऱ्या कमांडच्या बाबतीत हे काय करू शकतं याचा विचार करा. डॅशचंही तेच. पर्यायाआधीचा हायफन क्रमांक ४५ चा असतो. त्याच्या जागी ८२११ क्रमांकाचा लांब डॅश आला की कमांड त्याला पर्याय मानत नाही, फाइलचं नाव मानते आणि “अशी फाइल नाही” म्हणते. विद्यार्थी मग तासभर ती फाइल शोधतात.

कॅपिटलचंही असंच. फोनवर ओळीच्या सुरुवातीला प्रिंट लिहिलं की पहिलं अक्षर मोठं होतं आणि पायथन “असं नाव माहीत नाही” म्हणून नेम एरर देतो. नव्या आवृत्त्या “तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का?” असं विचारतात, तेवढी सोय झाली आहे.

आता न दिसणारी अक्षरं. साधी स्पेस ३२ क्रमांकाची. वेबपानांवर आणि वर्डमध्ये ओळ तुटू नये म्हणून वापरतात ती १६०. ती दिसायला स्पेससारखीच, पण पायथन तिला ‘इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर’ म्हणतो. गंमत अशी की जावास्क्रिप्ट तीच स्पेस मुकाट्याने चालवून घेतं, त्यामुळे “माझ्याकडे चालतंय, तुझ्याकडे का नाही?” हा वाद दोन भाषांच्या लोकांमध्ये रंगतो. मॅकवर ऑप्शन दाबलेलं असताना स्पेस दाबली गेली तरी हीच येते, म्हणजे कॉपी न करताही ती तुमच्या फाइलमध्ये शिरू शकते. त्याहून अदृश्य म्हणजे शून्य रुंदीची स्पेस, क्रमांक ८२०३. ती जागाच घेत नाही. एखादी ओळ हाताने पुन्हा टाइप केल्यावर चालते आणि कॉपी केल्यावर चालत नाही, तेव्हा या दोघींपैकी एक आहे असं धरून चालायला हरकत नाही.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी इंडेंटची, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेची वाटते, कारण कोट सरळ करता येतात. गेलेलं इंडेंट मात्र परत आणता येईलच असं नाही. हा तुकडा बघा. कीवर्ड आणि आकडे इथे देवनागरीत लिहिले आहेत, रचना पायथनची आहे.

```
बेरीज = ०
फॉर गुण इन यादी:
    इफ गुण >= ३५:
        बेरीज = बेरीज + गुण
प्रिंट(बेरीज)
```

एचटीएमएल एकापाठोपाठच्या कितीही स्पेस एकच धरतं आणि ओळीच्या सुरुवातीच्या तर दाखवतच नाही. त्यामुळे हा कोड साधा मजकूर म्हणून चिकटवला की पाचही ओळी डाव्या कडेला येतात. मदत करणारा मनाने पुन्हा इंडेंट लावतो. इफच्या आत बेरीज, हे उघड आहे. पण शेवटचं प्रिंट? ते फॉरच्या बाहेर असेल तर बेरीज एकदाच छापली जाईल. फॉरच्या आत असेल तर प्रत्येक विद्यार्थ्यामागे एकदा. दोन्ही प्रोग्राम पायथनच्या दृष्टीने निर्दोष आहेत. तुमची मूळ अडचण “आउटपुट दहा वेळा का येतंय?” अशी असेल, तर मदत करणाऱ्याने अंदाजाने लावलेल्या इंडेंटमध्ये चूक आपोआप दुरुस्त झालेली असते आणि तो प्रामाणिकपणे सांगतो, “माझ्याकडे बरोबर चालतंय.” सी किंवा जावामध्ये महिरपी कंस असल्यामुळे अर्थ टिकतो, फक्त वाचायला त्रास होतो. पायथनमध्ये अर्थच त्या रिकाम्या जागेत आहे.

रिकामी जागासुद्धा दोन प्रकारची असते, टॅब आणि स्पेस. पायथनचा प्रघात चार स्पेसचा आहे. एकाच फाइलमध्ये दोन्हींची गोंधळात टाकणारी भेसळ झाली की पायथन ३ ‘टॅब एरर’ देऊन थांबतो. मेकफाइलचा (प्रोग्राम बांधण्याच्या कमांडची फाइल) नियम उलटा: कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी. टॅबच्या जागी स्पेस आल्या की ‘मिसिंग सेपरेटर’. यॅमलमध्ये (सेटिंग्ज लिहिण्याची एक पद्धत) पुन्हा उलट, तिथे इंडेंटसाठी टॅब चालतच नाही. म्हणजे “टॅबचे स्पेस करून टाका” असा सरसकट सल्ला देता येत नाही. भाषा बघावी लागते.

लांब ओळी तोडण्याचाही त्रास होतो, विशेषतः मेलमध्ये. जावास्क्रिप्टमध्ये दोन तिरक्या रेघांनंतरची टिप्पणी ओळीच्या अखेरीपर्यंतच असते. मेलने ती ओळ मध्येच तोडली की टिप्पणीचा उरलेला अर्धा भाग नव्या ओळीवर जाऊन कोड बनतो. शेलमध्ये ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ देऊन पुढची ओळ जोडतात. त्या रेघेनंतर एक स्पेस जरी चिकटली तरी जोड तुटतो, आणि ती स्पेस ओळीच्या शेवटी असल्यामुळे कुणालाच दिसत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे, खुणा गायब होण्याकडे. चर्चेच्या बहुतेक जागी मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांनी मजकुराला रूप देण्याची पद्धत, किंवा तिचा एखादा अवतार चालतो. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ते आणलं, तेव्हा साधा मजकूर वाचनीय राहावा हा हेतू होता. त्यात तारका आणि अंडरस्कोर म्हणजे जोर देण्याच्या खुणा. त्यामुळे तीन चलांचा गुणाकार मध्ये स्पेस न सोडता लिहिला की दोन्ही तारका नाहीशा होतात आणि मधलं चल तिरपं होतं. पायथनच्या क्लासमधलं इनिट दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर घेऊन येतं. बाहेर पडतं ते नुसतं ठळक अक्षरातलं इनिट. # ने सुरू होणारी टिप्पणी पानभर मोठं शीर्षक होते. दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या ओळी + आणि - ने सुरू होतात, त्यांच्या गोळ्या लावलेल्या याद्या होतात.

< आणि > यांची गत आणखी वाईट, कारण तिथे खूणच नव्हे तर आतला मजकूरही जातो. सी++ च्या पहिल्याच ओळीत #इनक्लूडनंतर या दोन खुणांमध्ये आयओस्ट्रीम लिहितात. ब्राउझरला तो एखादा टॅग वाटतो, तो न ओळखता गिळला जातो आणि वाचणाऱ्याला नुसतं #इनक्लूड दिसतं. जावामध्ये यादीचा प्रकार याच खुणांत लिहितात, तोही जातो. मग उत्तर येतं, “तुम्ही प्रकार दिलाच नाहीये.” गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर आणखी एक भानगड आहे: @ ने सुरू होणारं डेकोरेटर किंवा जावाचं ओव्हरराइड कोडच्या चौकटीबाहेर लिहिलं आणि त्या नावाचं कुणाचं खातं असेल, तर त्या बिचाऱ्याला उगाच सूचना जाते.

या सगळ्यावर उपाय एकच आहे आणि तो फुकट आहे: कोडच्या आधी एका स्वतंत्र ओळीवर तीन बॅकटिक, नंतर एका स्वतंत्र ओळीवर तीन बॅकटिक. बॅकटिक म्हणजे कीबोर्डवर एस्केपच्या खाली, १ च्या डावीकडे, ~ सोबत असलेली खूण. ती सिंगल कोट नाही. गूगलच्या फोन-कीबोर्डवर ती चिन्हांच्या दुसऱ्या पानावर आहे. आयफोनवर सिंगल कोट दाबून धरला की सापडते. सुरुवातीच्या तीन बॅकटिकना चिकटून भाषेचं नाव लिहिलं तर बहुतेक ठिकाणी रंगही लागतात. ओळीच्या आत एखादंच नाव लिहायचं असेल तर दोन्ही बाजूंना एकेक बॅकटिक पुरतो. कोडमध्येच तीन बॅकटिक असतील तर बाहेर चार द्या. मूळ मार्कडाउनमध्ये ही सोय नव्हती. तिथे प्रत्येक ओळीआधी चार स्पेस किंवा एक टॅब द्यावा लागे. काही जुन्या व्यवस्थांमध्ये, उदाहरणार्थ रेडिटच्या जुन्या रूपात, अजूनही तेच चालतं. म्हणून पाठवल्यावर एकदा स्वतः बघा. व्हॉट्सॲपवरही तीन बॅकटिक चालतात, पण तिथे आठ-दहा ओळींपुढे जाऊ नका. फोनच्या रुंदीत ओळी मोडतात आणि वाचणाऱ्याला खरी ओळ कुठे संपली ते कळत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला काही खास अडचणी येतात आणि त्यांबद्दल फारसं कुठे लिहिलेलं सापडत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. मराठी कीबोर्ड चालू असताना कोड लिहिला तर अपूर्णविरामाऐवजी विसर्ग पडू शकतो. ः आणि : शेजारी ठेवूनही फरक लवकर कळत नाही. पायथन ३ मध्ये नावांत देवनागरी चालते आणि विसर्ग हे नावात चालणारं अक्षर आहे. म्हणून एल्सनंतर विसर्ग आला तर पायथन त्या अक्षरावर आक्षेपच घेत नाही. एल्स आणि विसर्ग मिळून त्याला एक नवं नाव वाटतं. तक्रार येते ती पुढच्या ओळीवर, ‘अनएक्स्पेक्टेड इंडेंट’. विद्यार्थी पुढच्या ओळीच्या स्पेस मोजत राहतो आणि दोष वरच्या ओळीच्या शेवटी असतो. दंड आणि पाइप, म्हणजे । आणि |, यांचीही अशीच अदलाबदल होते.

आकड्यांचं वागणं तर ठिकाणागणिक बदलतं. पायथनच्या कोडमध्ये थेट १२ लिहिलं तर एरर. पण तेच १२ स्ट्रिंग म्हणून घेऊन इंटने पूर्णांकात बदललं तर बिनतक्रार बदलतं. जावास्क्रिप्टमध्ये पार्सइंटला देवनागरी आकडे दिले तर ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडा नाही’, मिळतं. त्यामुळे फॉर्मवर मराठी आकडे आले की एकाचा प्रोग्राम चालतो, दुसऱ्याचा नाही, आणि कोड दोघांचाही बरोबर दिसतो.

एक इशाराही द्यायचा आहे. “सगळी शून्य रुंदीची अक्षरं काढून टाका” असे छोटे प्रोग्राम सर्रास फिरत असतात. मराठी मजकूर असलेल्या फाइलवर ते डोळे झाकून चालवू नका. दऱ्या हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो. एकात त्या खास र साठी वेगळं अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा ८२०५ क्रमांकाचा जोडक असतो. तो जोडक काढला की दऱ्याचा दर्या होतो, आचाऱ्यांना दिलेला निरोप आचार्यांना जातो. शिवाय दोन्ही दऱ्या पडद्यावर सारख्याच दिसत असल्या तरी तुलना केली की असमान निघतात आणि युनिकोडचं (अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या साठवणी सारख्या करणं, तेही त्यांना एक करत नाही. मराठी शोध नीट चालत नाही अशी तक्रार आली की मी हे आधी तपासतो.

बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला डोळे वापरू नका, साधन वापरा. व्हीएस कोड २०२१ च्या अखेरीपासून न दिसणाऱ्या आणि फसव्या अक्षरांभोवती आपणहून चौकट दाखवतो. त्या चौकटीचा कंटाळा येऊन ती सोय बंद करणारे लोक आहेत. कृपया करू नका. ‘रेंडर व्हाइटस्पेस’ चालू केलं की स्पेस टिंबासारखी आणि टॅब बाणासारखा दिसतो. लिनक्सवर कॅट कमांडला कॅपिटल ए चा पर्याय दिला की टॅबच्या जागी ^ आणि आय, आणि ओळीच्या शेवटी $ दिसतो. $ च्या आधी ^ आणि एम दिसला तर फाइल विंडोजवरून आली आहे. अशी शेल स्क्रिप्ट लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून थांबते आणि डॉस-टू-युनिक्स या छोट्या प्रोग्रामने एका फटक्यात सुधारते.

न दिसणाऱ्या अक्षरांकडे सुरक्षेच्या बाजूनेही बघायला हवं. केंब्रिज विद्यापीठाच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की उजवीकडून डावीकडे लिहिण्याच्या लिप्यांसाठी असलेली नियंत्रक अक्षरं वापरून माणसाला एक कोड दिसेल आणि कंपायलरला दुसरा मिळेल असं करता येतं. त्याला ‘ट्रोजन सोर्स’ म्हणतात. म्हणून अनोळखी ठिकाणची कमांड थेट टर्मिनलमध्ये चिकटवू नका. आधी साध्या एडिटरमध्ये चिकटवा, वाचा, मग न्या. वेबपान तुमच्या क्लिपबोर्डवर दिसतं त्यापेक्षा वेगळं काही ठेवू शकतं, आणि शेवटी नवी ओळ असेल तर काही टर्मिनल एंटरची वाटही बघत नाहीत.

पाठवण्याच्या पद्धतीबद्दल माझा आग्रह स्पष्ट आहे. पंधरा-वीस ओळींपुढचा कोड मजकूर म्हणून पाठवायचाच नाही, फाइल पाठवायची. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडलेली फाइल जशीच्या तशी पोचते. जीमेल जावास्क्रिप्टच्या फाइली अडवतं, झिपमध्ये घातल्या तरी. तिथे नावाच्या शेवटी टीएक्सटी लावा किंवा गिटहबवर गिस्ट, म्हणजे कोडच्या तुकड्याचं स्वतंत्र पान, करून दुवा द्या. दुवा देण्याआधी कोडमधले पासवर्ड आणि एपीआयच्या किल्ल्या काढा, कारण एकदा बाहेर पडलेली किल्ली पोस्ट पुसून परत गुप्त होत नाही, ती बदलावीच लागते. स्क्रीनचा फोटो फक्त खिडकीची मांडणी किंवा आलेख दाखवायचा असेल तेव्हाच. फोटोतला कोड कुणाला चालवून बघता येत नाही, एररचा शब्द शोधता येत नाही, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन प्रोग्रामरला तो नुसता कोरा चौकोन असतो.

लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं काम करणारे लोक अजूनही कोडमधले बदल साध्या मेलने पाठवतात. जीमेलचं वेबपान टॅबचे स्पेस करतं आणि ओळी ७८ अक्षरांवर तोडतं, असं त्यांच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. नव्या माणसाला तिथे सल्ला मिळतो की पॅच, म्हणजे बदलांचा तो मजकूर, आधी स्वतःलाच मेल करा, आलेल्या मेलमधून उतरवून लावून बघा, मग पुढे पाठवा. हा सल्ला आपल्यालाही तंतोतंत लागू आहे. पाठवलेला कोड त्याच जागेवरून परत कॉपी करा, रिकाम्या फोल्डरमध्ये चालवा. त्यात दुसरा फायदाही होतो: तुमच्या मशीनवर आधीपासून असलेलं एखादं चल किंवा फाइल कोडमध्ये द्यायची राहिली असेल तर तेही तिथेच कळतं.

तुमच्या आत्ताच्या फाइलपुरतं म्हणाल तर क्रम असा ठेवा. व्हीएस कोडमध्ये उघडा, चौकटीतली अक्षरं बघा, वळलेले डबल आणि सिंगल कोट फाइंड-रिप्लेसने सरळ करा, १६० वाली एक स्पेस निवडून तिच्या सगळ्या जागी साधी स्पेस द्या, मग इंडेंट तपासा. एवढ्यावर बहुतेक वेळा काम होतं. तरीही एरर राहिलीच तर इथे टाका, पण एररचा शेवटचा शब्द नको, ट्रेसबॅकच्या (एररसोबत छापला जाणारा पूर्ण अहवाल) पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं, कोडसारखंच तीन बॅकटिकांच्या मध्ये, आणि सोबत पायथनची आवृत्ती. आणि सरांना विनंती करा की पुढच्या वेळी पीवाय फाइलच ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाका. त्यांनाही वर्गातल्या प्रत्येकाचे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावे लागत असणार.